हाताला मानवणारा नेक: मोजमापापासून सेटअपपर्यंत

इलेक्ट्रिक गिटारचा नेक, म्हणजे डावा हात फिरतो तो दांडा, बदलायचा म्हटलं की दोन भीती असतात. मागवलेला नेक बसलाच नाही तर काय? आणि बसला, पण जुन्यापेक्षा जास्त त्रासदायक निघाला तर काय? दोन्हीचा बंदोबस्त ऑर्डर देण्याआधीच होऊ शकतो, आणि त्याला व्हर्निअर कॅलिपरपलीकडे फारसं काही लागत नाही. माझ्या गिटारवर हे काम नुकतंच पूर्ण झालं. सगळा क्रम डोक्यात ताजा आहे तोवर सविस्तर लिहून ठेवतो आहे. हे सगळं स्क्रूने जोडलेल्या नेकबद्दल आहे. नेक गोंदाने चिकटवलेला असेल तर तो प्रकार वेगळा, आणि ते कारागिराचं काम.

सुरुवात नेकपासून नाही, सेटअपपासून, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवण्यापासून करायची. तारा उंच असतील, नटच्या (नेकच्या डोक्याजवळ तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा उथळ असतील, तर कोणताही नेक छळतो. विशेषतः पहिल्या तीन फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) बारे कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड, धरताना दमछाक होत असेल तर दोष बहुतेक वेळा नटचा असतो. तपासायची पद्धत सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्या खाली किती फट राहते ते बघा. कागदाच्या जाडीइतकी असेल तर ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर आधी खाचा खोल करून घ्या, तारा हव्या तर एक नंबर हलक्या लावा आणि काही आठवडे वाजवा. माझ्या गिटारवर हे सगळं करूनही अंगठ्याच्या मुळाशी येणारा ताण तसाच राहिला, तेव्हा नेकचा आकार बदलायचं ठरवलं. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर मात्र आधी डॉक्टर.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. आराम हवा म्हणजे नेक पातळ हवा, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. लहान हात किंवा जलद वाजवणं असेल तर ते पुष्कळदा खरंही ठरतं. पण नेक फार पातळ असला की तळहाताला मागे टेकायला काही मिळत नाही, मग अंगठा चिमटा काढल्यासारखा दाबत राहतो आणि तासाभरात त्याच्या मुळाशी कळ येते. हे लक्षण असेल तर जाड नेकची गरज आहे, पातळ नव्हे. उलट तर्जनी पलीकडच्या तारेपर्यंत पोचताना मनगट वाकडं करावं लागत असेल, तर नेक कमी जाडीचा किंवा कडेला उतरता हवा. कुठे दुखतं, कोणत्या जागी वाजवताना दुखतं आणि किती वेळाने दुखतं, हे आठवडाभर कागदावर टिपून ठेवा. पुढच्या सगळ्या निवडीत हा कागद उपयोगी पडतो.

मग मोजमाप. तारा सैल करून कॅलिपरने पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या अगदी शेजारी, फ्रेटवर नव्हे तर लाकडावर, फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पुढच्या लाकडी पट्टीच्या) पृष्ठभागापासून पाठीपर्यंतची जाडी घ्या. कॅलिपरचे जबडे नेकच्या मध्यापर्यंत पोचले पाहिजेत, कारण सगळ्यात जास्त जाडी तिथेच असते. जबड्यांना कागदी टेप लावली की ओरखडे उठत नाहीत. साधारण अंदाज असा: पहिल्या फ्रेटपाशी १९ ते २० मिमी म्हणजे पातळ, २१ च्या आसपास म्हणजे आजकालचा नेहमीचा, २२ ते २३ म्हणजे भरीव आणि २५ म्हणजे खूपच जाड. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण डोळे मिटून हात फिरवला तरी कळतो.

फक्त जाडी पुरत नाही. दोन नेक पहिल्या फ्रेटपाशी अगदी सारखे २१ मिमी असूनही हातात पूर्ण वेगळे लागतात, ते कडेच्या उतारामुळे. पाठीच्या मध्यापासून फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंत लाकूड कसं उतरतं त्याला खांदा म्हणतात. सी आकारात खांदे गोल उतरतात, डीमध्ये भरलेले राहतात, यूमध्ये त्याहून भरगच्च, व्हीमध्ये मधोमध कणा आणि दोन्ही बाजूंना सरळ उतार. ज्यांचा अंगठा नेकच्या वर डोकावतो त्यांना मऊ व्ही बऱ्याचदा आवडतो. ज्यांचा अंगठा पाठीच्या मधोमध असतो त्यांना तोच कणा टोचतो. खांदे नोंदवायला काटेरी पट्टीसारखं एक साधं हत्यार मिळतं, ज्याच्या बारीक सळया दाबल्या की आकार उमटतो. ते नेकच्या पाठीवर दाबायचं, उमटलेली रेघ कागदावर काढायची आणि बाजूला जाडी लिहायची. जिथे जिथे वाजवायला आरामदायक गिटार हाती लागेल तिथे परवानगी घेऊन हीच रेघ काढा. असे चारपाच कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरले की आपल्या हाताला काय मानवतं ते स्वच्छ दिसतं. उत्पादकांच्या नावांवर विसंबू नका. एकाचा सी दुसऱ्याच्या डीच्या जवळ असू शकतो.

ऑर्डरआधीची एक चाचणी मला फार मोलाची वाटली. जाड नेक हवा असा संशय असेल तर जुन्याच नेकच्या पाठीवर पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत कागदी मास्किंग टेपचे थर लावा, मधोमध जास्त आणि कडांकडे कमी. मधूनमधून कॅलिपरने मोजत जा. एक मिमी वाढलं की रोजचं वाजवणं त्यावर करा. टेपचा स्पर्श खडबडीत लागतो, त्याकडे दुर्लक्ष करून फक्त अंगठ्याकडे लक्ष द्या. फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. जुन्या नायट्रो लॅकरच्या फिनिशवर मात्र हा प्रयोग करू नका, टेपबरोबर लॅकर निघू शकतं. पातळ नेक हवा असेल तर अशी चाचणी करता येत नाही, तिथे दुसऱ्यांच्या गिटारी हातात घेणं हाच मार्ग. जुना नेक घासून पातळ करणं शक्य असतं, पण घासलेलं लाकूड परत येत नाही, आणि आत ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या धातूच्या सळीची) खाच किती खोल आहे हे बाहेरून दिसत नाही.

जाडी आणि खांदे ठरले की बाकीची मापं. नटची रुंदी साधारण ४१ पासून ४४.५ मिमीपर्यंत मिळते. ४२ आणि ४३ मधला फरक मोकळ्या कॉर्डमध्ये जाणवतो: बोटं जाड असतील तर शेजारच्या तारेला लागणं कमी होतं. फ्रेटबोर्डची गोलाई, म्हणजे आडवा फुगवटा, इंचात सांगतात; आकडा मोठा तितका बोर्ड सपाट. जुन्या पद्धतीची ७.२५ इंच बारेला छान, पण तारा खाली ठेवून वरच्या फ्रेटांवर तार ओढली की स्वर घुसमटतो, कारण ओढलेली तार फुगवट्यावर चढते. ९.५ ते १२ इंच ही मधली वाट. १० पासून सुरू होऊन शेवटाकडे १६ इंचापर्यंत सपाट होत जाणारी गोलाईही मिळते, आणि बारे व तार ओढणं दोन्ही करणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा. फक्त ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) सॅडलांची, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या छोट्या आधारांची, उंची तिच्याशी जुळवून घ्यावी लागते.

फ्रेट ज्या धातूच्या पट्टीचे बनतात तिचं माप हाही आरामाचाच भाग आहे, जरी बहुतेकांच्या यादीत तो शेवटी येतो. जुन्या पद्धतीचा बारीक फ्रेट सुमारे २ मिमी रुंद आणि १.१ मिमी उंच असतो. ६१०५ या क्रमांकाचा अरुंद-उंच फ्रेट २.३ मिमीच्या आसपास रुंद आणि १.४ मिमी उंच. उंच फ्रेटवर बोट लाकडाला जवळजवळ टेकत नाही, कमी दाबात स्वर येतो, तार ओढणं सोपं होतं. पण ज्यांची पकड घट्ट आहे त्यांचा स्वर दाबल्यामुळे चढतो. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट झिजत नाहीत म्हटलं तरी चालेल, पण पुढे समतल करायची वेळ आली तर कारागीर जास्त मजुरी मागतो, कारण त्यात त्याच्या कानशी झिजतात.

नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीबद्दल थोडं. फेंडर या गिटार कंपनीच्या पद्धतीची मोठी लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी. ६२८ मिमी लांबीचे, पण तशाच बॉडीवर बसणारे नेकही मिळतात. त्यांचे फ्रेट अशा रीतीने मांडलेले असतात की ब्रिज न हलवता स्वर जुळतो. पहिल्या पाच फ्रेटांचं अंतर त्यात सुमारे ५ मिमीने कमी होतं आणि त्याच तारांचा ताण साधारण ६ टक्क्यांनी उतरतो. हात लहान असेल किंवा बोटं ताणल्याने दुखत असेल तर हा बदल जाडीपेक्षा जास्त सुख देऊ शकतो. माझी अडचण बोटं ताणण्याची नव्हती म्हणून लांबी तीच ठेवली.

आता नेक बसेल का, हा भाग. जुना नेक काढून बॉडीतला खड्डा मोजा. प्रचलित माप रुंदीला ५६ मिमी, खोलीला १६ मिमी, लांबीला ७६ मिमी. चार स्क्रूंची भोकं ३८ बाय ५१ मिमीच्या चौकटीत. नेकच्या टाचेची (खड्ड्यात बसणाऱ्या टोकाची) जाडी २५.४ मिमी. स्वस्त गिटारींमध्ये यातलं काहीही मिलिमीटरभर वेगळं असू शकतं, म्हणून स्वतः मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. टाचेचं टोक गोल आहे की सरळ, तेही बघा: फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) पद्धतीत गोल, टेलिकास्टर (टेले) पद्धतीत सरळ. २२ फ्रेटांचा नेक घेत असाल तर फ्रेटबोर्डचा थोडा भाग टाचेच्या पुढे येतो, तो पिकगार्डला (बॉडीवरच्या संरक्षक पत्र्याला) किंवा पिकअपला (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाला) अडतो का हे तपासा. आणि ट्युनरची (तारा ताणायच्या खुंट्यांची) भोकं: जुन्या पद्धतीच्या ट्युनरला सुमारे ८.८ मिमी, आधुनिकांना १० मिमी. मोठ्या भोकात जुने ट्युनर बसवायला बुश, म्हणजे भोक भरून काढणाऱ्या कड्या, मिळतात. उलट करायचं तर भोक मोठं करावं लागतं, आणि त्यात लाकूड चिरतं.

ऑर्डरच्या फॉर्मवर पर्यायांची रांगच असते, म्हणून तो घाईत भरू नये. ट्रस रॉड कुठून फिरवायचा, डोक्याकडून (ट्युनर असतात त्या टोकाकडून) की टाचेकडून? डोक्याकडून असेल तर नेक न काढता सेटअप होतो. मी तोच घेतला. रॉड दोन्ही दिशांनी काम करणारा असेल तर उत्तम. नट कापून द्यायचा की नुसती खाच? फ्रेटबोर्डच्या कडा घोटून गोल करायच्या का? ही शेवटची जागा हो भरून टाका. तर्जनीच्या मुळाला रोज लागणारी कड आहे ती. स्क्रूची भोकं पाडून हवीत का, यावर माझं उत्तर नाही असं आहे, ते पुढे सांगतो. वॉर्मॉथ, ऑलपार्ट्स, म्युझिक्राफ्ट अशा उत्पादकांकडे फेंडरच्या डोक्याचा आकार वापरायचा परवाना आहे; परवाना नसलेल्यांच्या डोक्याचा आकार जरा वेगळा दिसतो, वाजवण्यात फरक नाही.

नेक परदेशातून येणार असेल तर कागदपत्रं नीट मागून घ्या. इलेक्ट्रिक गिटारच्या सुट्या भागांचा जागतिक सीमाशुल्क क्रमांक ९२०९.९४ आहे. तो बिलावर छापलेला असला की नेक फर्निचरच्या लाकडात मोजला जाण्याचा धोका कमी होतो. रोझवूडचा फ्रेटबोर्ड असेल तर लाकडाचं शास्त्रीय नाव बिलावर हवं. जानेवारी २०१७ मध्ये रोझवूड ज्यात येतं त्या डॅल्बर्जिया प्रजातीची (जीनसची), ब्राझिलियन सोडून, सगळी लाकडं साइटीस या दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आली होती आणि तेव्हा पुष्कळ पार्सलं अडकली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग त्यातून वगळले गेले. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये आहे आणि त्याला ही सूट नाही. ही कटकटच नको असेल तर पूर्ण मेपलचा नेक घ्या.

खर्चाचा हिशेब नेकच्या किमतीवर थांबत नाही. पाठवणी, सीमाशुल्क, ट्युनर, नट, तारांचा संच, फिनिशचं साहित्य, आणि फ्रेट समतल करून घ्यायची मजुरी धरा. साध्या गिटारच्या बाबतीत ही बेरीज गिटारच्या किमतीच्या वर जाऊ शकते. बेत आखताना हे समोर असू द्या. मागणीनुसार बनणाऱ्या नेकला कित्येक आठवडे लागतात. ती वाट बघणं खरंच जड जातं, कारण जुना नेक त्या काळात जास्तच टोचायला लागतो.

पार्सल आलं की लगेच ड्रिल उचलायचा नाही. भोक पाडलेला किंवा फिनिश लावलेला नेक बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. म्हणून आधी तपासणी. एका टोकाकडून डोळा लावून नेक पिळलेला नाही ना ते बघा. सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून कुठे डुगडुगते का बघा. ट्रस रॉड पाव फेरा फिरवून प्रतिसाद येतो का बघा. फ्रेटांच्या टोकांवरून नख फिरवा. मग कॅलिपर काढून ऑर्डरमधलं प्रत्येक माप पडताळा. त्यानंतर नेक खोलीच्या हवेत काही दिवस उघडा ठेवा. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की उत्तम. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटांची टोकं कडेला बाहेर येऊन टोचतात. असं झालं तर आणखी थांबा, आकसणं संपू द्या आणि मगच कानस लावा.

कच्च्या मेपलला फिनिश लावावंच लागतं, नाहीतर घाम आणि दमट हवा शिरून नेक वाकतो, आणि अनेक उत्पादकांची हमीही तुटते. भाजलेलं मेपल याला बरंचसं अपवाद आहे. पाठीला चकचकीत थर देऊ नका, घामेजलेला हात त्यावर चिकटतो. पातळ सॅटिन थर किंवा टंग ऑइलचे हात जास्त सुखाचे. दोन थरांच्या मध्ये पूर्ण सुकू द्या आणि घासायला स्टील वूलऐवजी कृत्रिम धाग्याचं पॅड वापरा. स्टीलचे कण पिकअपच्या चुंबकांना चिकटतात. तेल पुसलेली फडकी गोळा करून टाकू नका. जवसासारखी सुकणारी तेलं हवेशी संयोग होताना तापतात आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती उघड्यावर पसरून वाळवा.

आता भोकं आपणच का पाडायची ते. दोन बाहेरच्या तारा दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर हव्यात. नेक खड्ड्यात केसभर तिरका बसला तरी शेवटच्या फ्रेटांवर पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार कडेवरून घसरते. म्हणून नेक क्लॅम्पने धरायचा, फक्त दोन बाहेरच्या तारा हलक्या ताणाने चढवायच्या आणि कडांशी अंतर बघत तो हलवायचा. त्याच वेळी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. ६४८ च्या नेकला ते ३२४ मिमी येतं. बाराव्या फ्रेटपासून पहिल्या तारेच्या सॅडलपर्यंत ३२४ च्या एकदोन मिमी पुढे, आणि जाड तारेला त्याहून थोडं अधिक. सॅडल तेवढं सरकू शकत नसेल तर इथेच थांबा.

जुळलं की बॉडीच्या भोकांतून, भोकात जेमतेम मावेल अशी ड्रिलची सळी हाताने फिरवून टाचेवर खूण करा. नेक काढा. ४.२ मिमीच्या स्क्रूसाठी मेपलमध्ये ३.२ मिमीचं भोक पाडायचं. खोली ठरवायला स्क्रू बॉडीमागच्या धातूच्या प्लेटमधून आणि बॉडीतून घालून तो खड्ड्यात किती वर येतो ते मोजा, त्यात दीड मिमी मिळवा आणि ड्रिलच्या सळीला तेवढ्यावर टेप गुंडाळा. ४५ मिमीचा स्क्रू साधारण १४-१५ मिमी वर येतो. बॉडीची टाच कापून गोल केलेली असेल तर काही स्क्रू आखूड असतात. प्रत्येक स्क्रू वेगळा मोजा, नाहीतर सळी फ्रेटबोर्डमधून बाहेर येईल. ड्रिल स्टँडवर लावा, नेक आडवा सपाट टेकवा. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्तीचं मेण चोळा. मेपल इतकं घट्ट असतं की कोरडा स्क्रू अर्ध्यात पिळून तुटतो. बॉडीतली भोकं मात्र स्क्रू सहज सरकेल इतकी मोकळी हवीत. तिथे आटे पकडले तर नेक आणि बॉडी यांच्यात फट राहते.

नट बसवताना ४३ मिमी रुंदीवर बाहेरच्या दोन तारांमध्ये सुमारे ३६ मिमी ठेवा, दोन्ही कडांना साडेतीन मिमी उरतात. खाच तारेपेक्षा किंचित रुंद आणि डोक्याकडे उतरती. मग सगळ्या तारा चढवून स्वराला आणा आणि निदान रात्रभर थांबा. नेकचा पोक, म्हणजे तारांच्या ताणाने आलेला बाक, त्यानंतरच मोजायचा: पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, सातव्या-आठव्या फ्रेटवर खाली ०.२५ मिमीच्या आसपास फट. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिमी. सॅडल पूर्ण खाली जाऊनही तारा उंचच राहिल्या, तर खड्ड्याच्या ब्रिजकडच्या बाजूला ०.२५ मिमीची पट्टी घाला. तेवढ्याने तारा जवळजवळ ०.८ मिमी खाली येतात. शेवटी नटच्या खाचांचं बारीक काम आणि मग सॅडल पुढेमागे सरकवून वरच्या फ्रेटांवरचा स्वर जुळवणं. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक पायरी दोनदा करावी लागते.

नवा नेक ताणाखाली बसायला वेळ घेतो. पहिल्या महिन्यात पोक वाढला तर ट्रस रॉड पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि पुन्हा मोजायच्या आधी एक दिवस जाऊ द्या. हवामान बदललं की परत एकदा बघा. जाड नेक आणि जड ट्युनर यांनी गिटार डोक्याकडे झुकत असेल तर हलके ट्युनर किंवा खरखरीत पट्टा लावा. नाहीतर डावा हात गिटार तोलण्यात दमतो आणि नेक बदलून मिळालेलं सुख तिथेच खर्च होतं.

जुना नेक विकणार नसाल तर त्याचे स्क्रू त्याच्याबरोबर पिशवीत ठेवा आणि ट्रस रॉड सैल करा, कारण तारांचा ताण नसताना घट्ट रॉड त्याला मागे वाकवतो.